खंडेनवमीचा अपवाद

स्नेहलतागंज मोहल्ल्यातले आमचे शेजारी काका बिघडलेल्या यंत्राला लगेच हात लावत नसत. आधी त्याच्यासमोर खुर्ची टाकून स्वस्थ बसत. मला त्याचा राग यायचा, कारण माझे हात डोक्याच्या आधी चालतात.

काकांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरातली तलवार कधीच गेली, तरी खंडेनवमीला काका सियागंजच्या बाजारातून आणलेली पक्कड, स्क्रू पिळायचा पेचकस, सोल्डरिंग आयर्न पाटावर मांडून पूजत आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावत नसत. अपवाद एकच, काकूंच्या उशाशी असलेला तळहाताएवढा लिनक्स संगणक. अर्धांगवायूने काकूंची वाचा गेली होती. त्याला जोडलेल्या पडद्यावर काकांनी पाणी, शाल, चहा, दुखतंय अशी चित्रं मांडली होती. काकू चित्रावर बोट ठेवत आणि यंत्र त्यांच्यासाठी बोले. "ही तिची वाचा आहे, वाचेला कशाची छुट्टी," काका म्हणत.

एका वर्षी पूजेआधीच्या साफसफाईत त्यांनी या संगणकालाही घेतलं आणि सगळं अपडेट करून टाकलं. पडद्यावर चित्र पाठवणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर त्या संगणकाच्या जुन्या बोर्डाला मानवला नाही. पडदा काळा झाला. मी आत गेलो तशा काकू त्या काळ्या पडद्यावर बोट टेकवू लागल्या. पाणी हवंय का, शाल हवी का, काका विचारत होते आणि त्या मान फिरवत होत्या.

संगणकाचं मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने टाकू, असं मी सुचवलं.

"भिया, सगळं एकदम बदललं तर पता कैसे चलेगा, बिगड़ा कहाँ था?" काका म्हणाले. "पुढच्या वेळी ती पुन्हा अशीच गप्प होईल."

आपल्या लॅपटॉपवरून ते त्या संगणकात शिरले. संगणक चालू होता, फक्त त्याचं चित्र पडद्यापर्यंत पोचत नव्हतं. काका त्याचे संदेश ओळीओळीने वाचत, एकच गोष्ट बदलत, यंत्र पुन्हा सुरू करत. नाही जमलं तर तो बदल मागे घेऊन दुसरा करत. त्यांना घाई नव्हती. अखेर संध्याकाळी जुना ड्रायव्हर नीट बसला आणि चित्रं उजळली. काकूंनी चहावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्याकडे केलं. घरी आलेल्याला कुणी चहा विचारला नाही, हे त्यांना इतका वेळ खात होतं. काका चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

गेल्या श्रावणात काकू वारल्या. खंडेनवमीला मी गेलो, तर पाटावर पकडीशेजारी काकूंच्या संगणकाचा तो बोर्ड होता. वायरी काढलेल्या, वर हळदकुंकू. काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"आता यालापण छुट्टी," ते म्हणाले.

थोड्या वेळाने ते उठले आणि कुणी न सांगता त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.