मिठाच्या ढिगावरून ऑस्ट्रिया

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई म्हटली की लोक खुर्ची पुढे ओढतात. "सांगा ना, काय काय ऐकलंत?" ते नाही हं सांगणार! लोकांचे कॉल ही पोटात ठेवायची गोष्ट. पण बोर्डाच्या अलीकडे आम्हा सहा बायकांमध्ये जे चालायचं, ते न सांगण्याची शपथ कुणी घेतली होती? ते नुसतं साठत गेलं, आणि त्यातलं निम्मं तरी वसुधाचं आहे.

हे पनवेलला एसटीडी यायच्या आधीचं. लोक ट्रंक कॉल बुक करायचे, आम्ही कॉर्ड लावून द्यायचो आणि तीन मिनिटं झाली की मध्येच "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणायचो. वसुधा हे इतकं गोड म्हणायची की माणसं तिला सॉरी म्हणायची. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही, चौदा वर्षं आईचं अंथरूण सांभाळलं. आई गेली तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी शिल्लक होत्या, ढीगभर रजा आणि रिकामं घर.

*

एक्स्चेंजच्या भिंतीवर तळोज्याच्या कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर होतं. जानेवारीच्या पानावर बर्फाचा डोंगर आणि पायांना लांब पट्ट्या बांधून खाली घसरत येणारी लाल स्वेटरवाली बाई. मार्च आला, जून आला, पण पान काही बदलेना! आमच्यातली सुमन उलटायची, वसुधा परत जानेवारी करून ठेवायची. एकादशी कधी आहे ते बघायला आम्ही शेजारच्या पोस्टात जायचो.

एक दिवस डबा खाताना ती म्हणाली, "मला हे करायचंय. दोन दिवस जाऊन फोटो काढून यायचं नाहीये. चांगलं दोन महिने राहून शिकायचंय."

सुमनच्या घशात पोळी अडकली. "अगं, पण तुझे गुडघे?"

"डॉक्टर म्हणाले, अजून दोन वर्षं साथ देतील. म्हणून तर घाई."

आम्ही हसायच्या बेतात होतो. तिचा चेहरा बघितला आणि माना डब्यात घातल्या.

*

आता पनवेलमध्ये बर्फ कुठला? आहे तो फक्त मासळीबाजारातला! वसुधाने डोकं लढवलं. सुताराकडून दोन फळ्या करून घेतल्या, पुढून जरा वाकवलेल्या, आणि एका रविवारी मला घेऊन खाडीकाठच्या मिठागरात गेली. एप्रिल महिना. दोन पुरुष उंचीचे पांढरेशुभ्र ढीग!

तिथे हिराजीबाबा होता. सारा जन्म मिठागरात गेलेला म्हातारा. सगळं ऐकून घेतलं, आणि वसुधाने पाय ढिगावर ठेवताच ओरडला, "बाय, चपला काढा! मीठ हाय, लोकांच्या पोटात जातंय."

"आणि फळ्या?"

"नव्या हायत ना? मंग चालतील. पन आदी पाया पडा."

वसुधा वाकली, ढिगाला हात लावून कपाळाला लावला आणि सवयीने बोट तोंडात घातलं. "ई, खारट!"

"मंग काय ग्वाड आसंल?" हिराजीबाबा म्हणाला.

त्या दिवशी ती बावीस वेळा पडली. कोपर खरचटलं, त्यावर मीठ. जखमेवर मीठ असं नुसतं म्हणतात, पण वसुधाच्या बाबतीत ते खरोखरच झालं! डोळ्यांतून पाणी, आणि पुन्हा वर चढतेय.

पावसाआधी मिठाचे ढीग गवताने शाकारतात. मेच्या शेवटी सगळे शाकारून झाले, एक तेवढा उघडा. मजूर कुरकुरायला लागले तेव्हा हिराजीबाबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बाय आजून पडतंय."

*

मग स्वस्तात राहायचं कसं, याचा अभ्यास. मुंबईहून एक माहितीपुस्तिका आणली आणि बोर्डावर गर्दी नसली की आम्ही सहाजणी तीवर तुटून पडायचो. मोठ्या नावाची गावं खोडायची. ऐन हंगाम सोडून शेवटी जायचं. हॉटेल नको, शेतकऱ्याच्या घरातली माळ्यावरची खोली बघायची आणि सकाळी स्वयंपाकघरात हात लावून भाडं कमी करून घ्यायचं. "म्हणजे तिकडे जाऊन पण भांडीच!" सुमन म्हणाली. "हो, पण खिडकीतून बर्फ दिसेल," वसुधा म्हणाली.

पत्रं मी टाइप केली. अनोळखी घरात राहायला जायचं म्हणजे आपली नीट माहिती द्यायला नको? मी लिहिलं, घराणं चांगलं, भाऊ ठाण्याला नोकरीला, स्वभाव शांत, व्यसन नाही, घरात कुणाला दमा किंवा मधुमेह नाही. वरती फोटो जोडला, साडीतला.

सहा पत्रांपैकी उत्तर एकच आलं, ऑस्ट्रियातल्या मारिया नावाच्या बाईंचं. इंग्रजी आमच्यासारखंच. "माहिती छान आहे. पण तुम्ही स्कीइंग किती वर्षं करता?"

वसुधाने खरं तेच कळवलं. "एक उन्हाळा."

"उन्हाळ्यात? कशावर?"

"मिठावर."

पुढचं पत्र महिनाभराने आलं. आत दोनच ओळी. "खोली तुमची. मिठावर शिकलेली बाई मला बघायची आहे."

*

रजेच्या अर्जावर आमचे साहेब बोट ठेवायचेच. नियमाबाहेर शब्द काढायचे नाहीत, हसायचे तर त्याहून नाहीत.

"कारण 'घरगुती' लिहिलंय. तुमच्या घरी बर्फ पडतो का?"

सगळं एक्स्चेंज त्यांना फितूर होतं, बघा! वसुधाने मान खाली घालून "नाही" म्हटलं.

"मग खोटं कशाला लिहिता? 'बर्फ' लिहा."

तिने लिहिलं. साहेबांनी सही केली.

*

जायला तीन आठवडे राहिले आणि ठाण्याहून भाऊ आले. त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं होतं. "तुला रजा आहेच, दोन महिने ये. या वयात बर्फावर घसरायला कुठे जातेस? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी वसुधाने रजा रद्द करायचा अर्ज दिला. कॅलेंडर जुनं झालं तरी आम्ही ते पान ठेवलं होतं. तेही तिने स्वतःच्या हाताने काढलं. मला इतकं वाईट वाटलं की चहा जाईना.

तासाभराने साहेब अर्ज घेऊन बाहेर आले. "मॅडम, अक्षर लागत नाही. अर्ज परत."

"सर, टाइप केलेला आहे!"

"मला लागत नाही," म्हणाले आणि आत गेले.

वसुधा तो कागद हातात घेऊन बसून राहिली. तेवढ्यात ठाण्याचा कॉल आला, भाऊच! माझ्याच बोर्डावर. मी तिला जोडून दिला. पलीकडून एकसारखं बोलणं, घराण्याची अब्रू, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सगळं. वसुधा ऐकतेय, ऐकतेय. मग तिने पाठ ताठ केली आणि आपल्या त्या गोड आवाजात म्हणाली,

"थ्री मिनिट्स ओव्हर, सर."

आणि कॉर्ड उपटली! मी घड्याळ बघितलं. जेमतेम दीड मिनिट झालं होतं.

*

मार्चमधली दुपारची ड्यूटी. मुंबईच्या बोर्डावरची बाई म्हणाली, "पनवेल, ऑस्ट्रिया घ्या." बाकीच्या चौघी माझ्या हेडफोनला कान लावायला धावल्या.

"नलू!"

"वसू! उभी राहिलीस का गं?"

"राहिले! पडले अकरा वेळा, मारियाबाई मोजत होत्या. पण वरून खालपर्यंत आले, नलू, अगदी खालपर्यंत!" मग आवाज घोगरा झाला. "वरून निघताना आधी वाकून बर्फाच्या पाया पडले. बोट तोंडात घातलं..."

"मग?"

"अळणी आहे गं!"

आणि ती रडायला लागली. इकडे आम्ही रडतोय की हसतोय, आमचं आम्हालाच कळेना. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती. मुंबईची बाई लाइनवर होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती काही बोलली नाही.

रविवारी मी मिठागरात गेले. हिराजीबाबा नवा ढीग रचत होता.

"बाय उभी ऱ्हायली का?"

"राहिली, बाबा."

"आनि बरफ?"

"अळणी आहे म्हणाली."

बाबाने डोक्याचं फडकं सोडलं, दोन ओंजळी मीठ त्यात घातलं, घट्ट गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"धाडा बायला. तिथं कुनाकडं मागंल ती?"