विटकरी साका

लातूरच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल ही करायची गोष्ट नव्हती, उरकायची होती. सगळ्यांचा जीव क्लासच्या टेस्टमध्ये अडकलेला. प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेच्या आठवड्यात निघायचं. क्षार ओळखायची आमची रीत सोपी होती: निळा दिसला की तांबं, हिरवा दिसला की लोखंड, गुलाबी दिसला की कोबाल्ट. बाहेरून आलेल्या परीक्षकांची नाश्त्याची सोय नीट झाली की सगळ्यांना पैकीच्या पैकी.

मला मात्र साका पडताना बघायचं वेड होतं. पाण्यासारखी स्वच्छ दोन द्रावणं एकत्र ओतायची आणि नळीत एकदम दूध फाटल्यासारखं व्हायचं. मी केमिस्ट्रीच्या सरांच्या मागे लागून अधूनमधून प्रयोगशाळा उघडायला लावायची. "तुझ्यासारखी एक तरी पाहिजे," असं सर म्हणायचे, आणि मी मूर्ख, तेवढ्यावर हवेत असायची.

मुखेडला माझ्या वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान. मी फार्मसी करून औषधाचं दुकान टाकावं, असं त्यांच्या मनात. मला नांदेडला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. मी रडून, न जेवून हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "रसायनात कॉलेजात पहिली ये, मग जा नांदेडला. न्हाई आलीस तर गुमान फार्मसी करायची." मी हो म्हणाले. पहिली येणारच होते.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत माझ्यापुढे पिवळट तपकिरी भुकटी आली. मी ती विरघळवली आणि कॉस्टिक सोडा घातला. सरळ विटकरी साका बसला, हिरव्याचा मागमूस नाही. दुसऱ्या नळीत बेरियम क्लोराइड घातलं, पांढरा साका पडला, आम्लातही विरघळेना. मी लिहिलं: फेरिक सल्फेट. माझ्या शेजारणीला तीच भुकटी होती. शिपायाने बाटलीवरचं नाव सगळ्यांना आधीच कानात सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तिने नळी ओलीसुद्धा न करता फेरस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, असं लिहिलं.

परीक्षकांनी माझ्या उत्तरावर लाल फुली मारली. मी नळी त्यांच्यापुढे धरली.

"सर, साका बघा ना. फेरस असता तर मळकट हिरवा पडला असता."

"बाटलीवर फेरस लिहिलंय."

"बाटलीचं झाकण सैल आहे सर. तो क्षार हवेत टिकत नाही. तो फेरिक होऊन बसलाय."

"म्हणजे कॉलेजच्या बाटल्या खोट्या आणि तू तेवढी खरी?"

पोरी हसल्या. मी आमच्या सरांकडे बघितलं. हवेत तो क्षार कसा बिघडतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. त्यांनी परीक्षकांपुढे पोह्यांची बशी सरकवली.

रसायनात शेजारीण पहिली आली, मी दुसरी. आप्पांनी सरांना फोन लावला. पोरगी प्रॅक्टिकललाच कमी पडली, असं सरांनी सांगितलं.

"प्रॅक्टिकलला भिंतीलाबी मार्क भेटतेत की!" आप्पा म्हणाले. "अन् तुला न्हाई भेटले. म्हणं लई आवड हाय केमिस्ट्रीची!"

मी साक्याचं सांगायला गेले. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

मी फार्मसी केली. आता औश्याला माझं औषधाचं दुकान आहे आणि ते बरं चालतं. मला त्याचा कंटाळा आहे, हे मी कुणाला सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर दुकानात आले, बीपीच्या गोळ्या घ्यायला. थकले होते. त्यांनी मला ओळखलं आणि चिठ्ठी पुढे करून थोडे घुटमळले. दुकानात आम्ही दोघंच होतो, तरी हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं बघ."

मी गोळ्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. इतक्या वर्षांचा राग असा एकदम उफाळून आला.

"मला ते तेव्हाही माहीत होतं, सर," मी म्हणाले. "आप्पांना माहीत नाही. मोतीबिंदू दाखवायला आलेत, ते बघा, बाहेर बाकड्यावर बसलेत. त्यांना सांगा."

सरांनी बाहेर बघितलं. गोळ्या पिशवीत घातल्या. "आता कशाला ते," म्हणाले, आणि आप्पांच्या समोरून चपला वाजवत निघून गेले.

आप्पा आत आले. "कोण होतं गं?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले.