बाबलकाकांना देवाने दिलेला होकार

मंडळी, आज आमच्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान झालं. नळाला पाणी नाही म्हणून पाच वर्षं सगळ्यांना शिव्या घालणारे आमचे शेजारी बाबलकाका आज सकाळपासून देवळात ठाण मांडून!

"कोणाक मत देऊ ता कळना नाय, कौल घेतंय," म्हणाले. आमच्याकडे देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली की होकार.

मी मत देऊन आले, जेवले, भांडी घासली. संध्याकाळी देवळात गेले, तर काका तिथेच. केंद्र बंद झाल्यावर मग आरामात उठले.

"देवान कौलच दिल्यान नाय. माझो काय दोष?"

ते गेल्यावर गुरवदादा वैतागून म्हणाले, "गो, 'मतदानाक जाव काय' म्हणान सुरवातीकच इचारल्यान. उजवी पाकळी टपकन पडली. तर म्हणता, परत लाव!"

म्हणजे आळस ह्यांचा आणि खापर देवावर. एवढा निर्लज्जपणा येतो कुठून? तुमच्या गावातले असले महाभाग काय सांगून घरी बसतात?

उद्या नळाच्या नावाने रडत माझ्या दारात आले की सांगणार आहे, "थांबा काका. तुमचा ऐकू की नको, कौल लावन इचारतंय."