दोरीच्या आत तोंड बंद

कदम साहेबांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडे तंबाखू मागितली. मी पुडी पुढे केली, तर चिमूटभर घेण्याऐवजी त्यांनी ती अख्खी खिशात घातली. "काम संपल्यावर घेऊन जा," म्हणाले. मग माझ्या एकेका मजुरासमोर हात पसरत गेले. खिशांतून, कनवटीतून पुड्या निघाल्या. माझ्याकडून फुकटात कुणी काही नेलंय असं आजवर घडलं नव्हतं. मी या माणसाला निरखून बघायला लागलो.

पेडगावजवळ कीटकनाशकाचा ट्रक उलटला होता. पिंपं फुटून औषध रस्त्याकडेच्या चरात साचलं होतं. सफाईचा ठेका माझा. कदम साहेब कंपनीने पाठवलेले सुरक्षा अधिकारी. सांडलेल्या जागेभोवती त्यांनी दोरी बांधली. "दोरीच्या आत तोंड बंद. खायचं न्हाई, प्यायचं न्हाई, मळायचं न्हाई."

"सायेब, आमी फवारणीला उघड्या हातानं औषध कालवतो," माझा मेहुणा किसन हसत म्हणाला.

"म्हणून तर तुमचंच लय भ्या वाटायलंय."

मी खडी फोडत वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही. साहेबांनी पाण्याचा टँकर, साबण, रबरी हातमोजे, बूट, कपडे बदलायला आडोसा, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तयार उभी गाडी, सगळं आधी मागितलं. मी म्हणालो, मास्क निम्मे आणतो, आळीपाळीने घालतील.

"दोघं मिळून एकच श्वास घेत असतील तर चालंल," ते शांतपणे म्हणाले. मी चिडलो, ओरडलो. त्यांचा आवाज काही चढला नाही. सगळं सामान आल्यावरच फावडं हललं.

चरावर कोरडी माती आणि भुसा टाकून आम्ही तो लगदा पिंपांत भरत होतो. साहेब उन्हात उभे. शेवटचा मजूर अंघोळ करून आल्याशिवाय ते स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडत नसत. बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत. ही कसली खोड, मला कळेना.

एका दुपारी ते एकदम ओरडले, "किसन, थुंक!" किसनने बुटात पुडी लपवली होती. हातमोजा काढून मळून ओठात धरली होती. तोवर त्याला दरदरून घाम फुटला होता, लाळ गळत होती. साहेबांनी त्याचे कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं, त्याला गाडीत घातलं, पिंपावरच्या लेबलाचा फोटो डॉक्टरसाठी सोबत दिला. गाडी गेल्यावर म्हणाले, "ठेकेदार, तुमचं काम बंद." राहिलेलं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

किसन वाचला. पुढे साहेबांची बदली झाली, तेव्हा मी त्याला साक्षीला घेऊन परभणी स्टेशनवर गाठलंच त्यांना. चूक एकाची, मग सगळ्यांचं काम का काढलं?

"त्याला मळताना बाकीच्यांनी बघितलं, ठेकेदार. एकानं बी आवाज दिला न्हाई. अशी माणसं मी आत कशी सोडू?" एवढं बोलून ते डब्यात चढले.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे. मी ते खिडकीतून ऐकवत होतो, तेवढ्यात गाडी हलली. साहेबांची बॅग फलाटावरच राहिली होती. माझ्या बाजूने बोलायला आणलेला किसन ती डोक्यावर घेऊन डब्याबरोबर पळत सुटला, चांगला लांबवर पळाला. मी बोलायचं थांबून त्याच्याकडे बघत राहिलो.