मिस्त्रींनी पेरलेलं खोटं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. ‘वीज बंद केली’ असं कुणी खालून ओरडलं, तरी मिस्त्री स्वतः उतरून खटका बघत, त्याला आपलं कुलूप लावत आणि किल्ली खिशात टाकत. तीस वर्षं असंच काम केलं, म्हणून दहाही बोटं शाबूत होती. घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं तरी चौकशी बसायची. बायको म्हणायची, “यांना आरसा दाखवला तर आधी मागे कोण उभं आहे ते बघतील.”

त्या दुपारी ते सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर उभे राहून तारेचे दोर तपासत होते. एकाएकी छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, सदरा घामाने भिजला. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं. जोडीदार वायरमनने त्यांना कसंबसं बाहेर काढून दवाखान्यात नेलं.

हृदय ठणठणीत निघालं. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नाही? ते दुसऱ्या दवाखान्यात गेले, मग तिसऱ्या. तिन्ही डॉक्टरांनी तेच सांगितलं, तेव्हा हे तिघं एकमेकांना ओळखत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या दोन महिन्यांत धडधड आणखी सहा वेळा आली. मिस्त्रींनी लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं सोडलं. मग गर्दीची दुकानं सोडली. दोन बोटं सतत मानेवर, नाडी मोजत. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, आणि कोपऱ्यापर्यंत जायचं तरी बायको बरोबर हवी. कारखान्यात ते बाकावर बसून दरवाज्यांची कुलपं जुळवत. ते आत आले की वायरमन बोलता बोलता थांबायचा, हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं.

शेवटी साहेबांनी बोलावून एक पत्ता दिला. “या मॅडमना भेटा. औषध नाही, नुसतं बोलायचं. खर्च कंपनीचा.”

कंपनीचा खर्च म्हटल्यावर मिस्त्रींनी कान टवकारले. “मला वेडा ठरवून घरी बसवायचा बेत आहे,” ते बायकोला म्हणाले.

“अहो, घरी तर तुम्ही आत्ताही बसल्यासारखेच आहात,” बायको म्हणाली. “जाऊन तर या.”

खोली औषधांच्या दुकानावर होती. दोन खुर्च्या, एक घड्याळ, एक बंद कपाट. मिस्त्रींनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग छताकडे, मग टेबलाखाली. मॅडम चाळिशीच्या, साध्या बोलणाऱ्या. त्यांनी काही विचारायच्या आत मिस्त्रींनीच विचारलं, “हे सगळं साहेबांना कळवणार ना?”

“तुम्ही किती वेळा आलात, एवढंच कळवते. तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी, पण तेही आधी तुम्हाला सांगेन. बाकी तुमच्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही.” त्यांनी तसा कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो दोनदा वाचला आणि त्याची झेरॉक्स मागून घेतली.

तरीही खात्री पटेना. म्हणून त्यांनी एक खोटं पेरलं. “मला पाण्याची फार भीती वाटते,” ते पडेल चेहऱ्याने म्हणाले. “नळ सोडला तरी काळजाचं पाणी होतं.” ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणालाही सांगितली नव्हती. साहेबांच्या तोंडून पाण्याचा विषय निघाला की मॅडम रंगेहाथ सापडल्या!

तीन आठवडे मिस्त्री डोळ्यांत तेल घालून वाट बघत राहिले. साहेबांसमोर मुद्दाम घटाघटा पाणी प्यायले. वायरमनपुढे गळक्या टाकीचा विषय काढला. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. उलट वायरमनच म्हणाला, “तुम्ही आलात की काय बोलावं कळत नाही हो. त्या दिवशी मीच जास्त घाबरलो होतो.”

चौथ्या भेटीत मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. मॅडम रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या पुढे सरकून बसल्या.

“म्हणजे तुमच्या मनात एक विचार होता, मी चुगली करते. तो खरा मानून तुम्ही यायचं बंद करू शकला असता. त्याऐवजी तुम्ही तो तपासलात. आपल्याला इथे नेमकं हेच करायचंय. बोलून करायच्या या उपचाराला सीबीटी म्हणतात. विचार, अंगातली भावना आणि आपलं वागणं एकमेकांना ढकलत असतात. छाती धडधडली की तुम्हाला वाटतं मी मरणार. त्या भीतीनं ती आणखी धडधडते. मग तुम्ही पळता, आणि पळालो म्हणूनच वाचलो असं वाटतं. मरणार हा विचार तुम्ही कधी तपासलात का?”

“तपासायला मरावं लागेल!”

मॅडम खळखळून हसल्या. मिस्त्रींची सही घेऊन त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. आता त्यांनी मिस्त्रींना जागच्या जागी एक मिनिट धावायला लावलं. नंतर बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला. धडधड आली, मुंग्या आल्या, हुबेहूब तीच. मिस्त्रींची बोटं मानेकडे निघाली. “हात मांडीवर,” मॅडम म्हणाल्या. ती चार मिनिटं मिस्त्रींना चार तासांसारखी गेली. मग धडधड आपोआप ओसरली. कुणी काही केलं नव्हतं.

घरी करायला वही मिळाली. काय घडलं, मनात काय आलं, ते किती खरं वाटलं, त्याला पुरावा काय, आणि प्रत्यक्षात काय झालं. मिस्त्री पुरावा या रकान्यावर खूश होते. एकदा आठवडाभर वही लिहिली नाही, तर त्या भेटीत गाडी तिथंच अडून राहिली. पाण्याची बाटली सोडायला तीन आठवडे लागले. लिफ्ट आधी एक मजला, मग तीन, मग बायकोशिवाय.

“हे सगळ्यांना लागू पडतं का?” त्यांनी एकदा संशयाने विचारलं.

“नाही. भीती, उदासी, झोप उडणं, सारखं हात धूत राहणं, अशा त्रासांत पुष्कळांना उपयोग होतो. काहींना बरोबर औषधही लागतं. काहींना दुसरीच वाट बरी पडते. आणि सराव केला नाही तर कुणालाच नाही.”

खात्री देत नाही म्हणजे बाई खरी असावी, असं मिस्त्रींना पहिल्यांदा वाटलं.

अकराव्या आठवड्यात ते पुन्हा टपावर चढले. धडधड आलीच. ते दोराला हात लावून उभे राहिले, वायरमनला म्हणाले, “येऊ दे तिला,” आणि काम पुरं करून उतरले.

भेटी संपल्या. पाच महिन्यांनी परवान्यासाठी फोटो काढायला ते गेले असताना, रांगेतच घाम फुटला आणि जीव घाबरा झाला. दार चार पावलांवर होतं. मिस्त्री दाराकडे बघत राहिले, पण रांग सोडली नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिच्या हातातला चमचा थांबला. “मग?”

“मग काय? नंबर आला, फोटो काढला. डोळे जरा मोठे आलेत.”