भाग्यश्रीची फुंकणी

भाग्यश्रीने फिजिऑलॉजीत एम.एस्सी. केलं, पण मखमलाबादच्या मळ्यात त्याचा अर्थ कुणाला लागेल तर शपथ. शेजारणी दुखरे गुडघे घेऊन यायच्या. फिजिओथेरपीवाले वेगळे, आपण शरीर कसं चालतं ते शिकलो, हे सांगून ती थकली. त्यांचं चालतच नव्हतं, म्हणून तर त्या आल्या होत्या. झेंडू तोडताना लंकाआत्याचं एकच पालुपद, "शीक कितीबी. शेवटी चूलच फुंकायची हाय."

पुढे नाशिकच्या एका हॉस्पिटलात फुप्फुसांच्या तपासणीचं काम मिळालं. महिनाभर काम बघू, मग कायम करू, असं ठरलं. पेशंटने नळीत जोरात आणि लांब फुंकायचं, यंत्र श्वास मोजणार. पुस्तकातला श्वास भाग्यश्रीला तोंडपाठ होता, पण खेड्यातल्या आज्यांपुढे तिची मात्रा चालेना. यंत्राच्या पडद्यावर जळती मेणबत्ती दिसे, ती फुंकून विझवायची. आज्या इतकं हळू फुंकत की ज्योत हलतसुद्धा नसे. विभागप्रमुख डॉक्टर रोहिणी असे रिपोर्ट परत पाठवत. महिना सरत आला. नोकरी गेली तर आत्याला आयतंच कोलीत मिळणार होतं.

अशात इगतपुरीकडच्या नवसाबाई आल्या. त्यांचं ऑपरेशन याच तपासणीवर अडलं होतं. बाहेर त्या नातवाला हाका मारत होत्या, तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचला. आत येऊन मात्र फुंकर अशी, जणू गरम चहावर घातलेली. एवढा आवाज काढणारी छाती कमजोर कशी असेल? भाग्यश्री स्टूल ओढून शेजारी बसली आणि तिने सरळ विचारलं.

नवसाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "दिवा फुंकून इझवू नये, बाय. त्यात आमी दवाखान्यात आलेलो."

भाग्यश्रीला हसावं की रडावं कळेना. तिच्या घरीही कुणी दिवा फुंकत नव्हतं, तरी तिला हे सुचलं नव्हतं. तिने पडदा नवसाबाईंना दिसणार नाही असा स्वतःकडे वळवला आणि नळी त्यांच्या हातात दिली.

"आजी, ही फुंकणी. लाकडं ओली आहेत. जाळ धरेपर्यंत थांबायचं नाही."

नवसाबाईंनी पदर खोचला, छाती भरून घेतली आणि असं फुंकलं की यंत्रावरची रेघ सरसर वर गेली. रिपोर्ट उत्तम आला. त्यानंतर प्रत्येक आजीला फुंकणीच मिळू लागली, आणि डॉक्टर रोहिणींनी भाग्यश्रीला कायम केलं.

पेढे घेऊन ती आधी आत्याकडे गेली.

"आत्या, तुझंच खरं झालं. चूलच फुंकायला लावते मी, पण पगार घेऊन."

आत्याने पेढा तोंडात टाकला आणि गुडघा पुढे केला.