मेंढ्यांची विश्रांती

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार होतो. एका ऑक्टोबरात लासलगावच्या रस्त्यालगत, भर उन्हात मेंढ्यांचा कळप दिसला. सगळ्या गोल करून, एकमेकींच्या पोटाखाली तोंडे खुपसून उभ्या होत्या. मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो तीन कॉलमांत आला. खालची ओळ माझीच होती: 'दुपारच्या विश्रांतीत रमलेला शिस्तबद्ध कळप'.

आठवड्याने त्या कळपाचा मेंढपाळ अंक घेऊन कार्यालयात आला.

"साहेब, ही विश्रांती नाय. माशी नाकात अळ्या सोडती, म्हणून नाकं लपवत्यात. पाऊस सरून ऊन तापलं की दरसाल हेच. माझी म्होरकी मेंढी शिंकून शिंकून आडवी झाली हाय. डॉक्टरांना बोलवायला गेलो, तर त्यांनी तुमचाच फोटो दाखवला. म्हणं, कळप तर मजेत दिसतोय!"

मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. खुलासा छापून आल्यास येऊ, असे ते म्हणाले. संपादकांनी खुलासा मंजूर केला. दिवाळीच्या जाहिरातींमुळे त्याला पाच दिवस जागा मिळाली नाही. सहाव्या दिवशी अधिकारी पोहोचले. मेंढी चौथ्या दिवशी मेली होती.

पुढच्या ऑक्टोबरात पानावर जागा उरली, तेव्हा संपादकांनी तोच फोटो मागवला. मी नवी ओळ लिहून दिली: 'माशीने नाकात अळ्या सोडू नयेत म्हणून तोंडे लपवणाऱ्या मेंढ्या'.

"सकाळी चहाबरोबर अळ्या कोण वाचणार?" त्यांनी विचारले आणि जुनी ओळ लावली.